खाते बदलण्याचे बक्षीस : हाती येते किती, निसटते काय?

ब्रिटनमध्ये नव्याने राहावयास गेलेल्या मराठी माणसाला तेथील ज्या गोष्टींचे नवल वाटते, त्यांत बँकांच्या जाहिरातींचा क्रमांक बराच वरचा आहे. आपले खाते दुसऱ्या बँकेतून आमच्याकडे आणा आणि शंभर ते दोनशे पौंड रोख घ्या, असे तेथील नामांकित बँका उघडपणे सांगतात. ज्याने आपल्याकडे साधे बचत खाते उघडण्यासाठी दोन छायाचित्रे, पत्त्याचा पुरावा आणि ओळख करून देणारा जुना खातेदार यांची जुळवाजुळव केलेली असते, त्याला बँकच आपल्याला पैसे देणार ही कल्पना प्रथम खरी वाटत नाही. चौकशी केल्यावर कळते की योजना खरी आहे, पैसे खरोखरच मिळतात आणि कार्यालयातील निम्म्या सहकाऱ्यांनी ते एकदा तरी घेतलेले आहेत. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, बँक आवळा देऊन कोहळा तर काढीत नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर सरळ 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. बऱ्याच जणांना हे बक्षीस कोणतीही झळ न लागता मिळते. परंतु काही जणांना मात्र ते महाग पडते, आणि ते महाग पडल्याचे बहुधा सहा-आठ महिन्यांनी, एखाद्या भलत्याच कामाच्या वेळी लक्षात येते. घर घेण्याच्या तयारीत असलेले, भारतातून पत्नीला अथवा पतीला बोलावून घेणारे आणि नुकतेच त्या देशात पाऊल ठेवलेले असे तीन प्रकारचे लोक यात प्रामुख्याने येतात. ब्रिटनमधील आपल्या मंडळींपैकी पुष्कळ जण यांपैकी कशात ना कशात मोडतात, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने पाहणे योग्य ठरेल.

आधी एक खुलासा करावयास हवा. ब्रिटनमध्ये ज्याला करंट अकाउंट म्हणतात ते आपल्याकडील व्यापाऱ्यांचे चालू खाते नव्हे. पगार जमा होणे, घरभाडे व वीजबिल जाणे, कार्डाने खरेदी करणे हे नित्याचे व्यवहार ज्यातून होतात ते हे खाते. आपल्या बचत खात्याचे काम तेथे हे खाते करते, आणि त्यावर व्याज बहुधा मिळत नाही किंवा नाममात्र मिळते.

बँका पैसे का देतात?

ब्रिटनमधील बँकव्यवसायाची चिकित्सा करण्यासाठी सर जॉन व्हिकर्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २०११ च्या सप्टेंबरमध्ये आपला अंतिम अहवाल दिला. देशातील वैयक्तिक खात्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक खाती चार मोठ्या बँकांकडे एकवटली आहेत आणि सेवा कितीही सुमार असली तरी ग्राहक हलत नाही, असे त्या अहवालाचे एक निरीक्षण होते. ग्राहक हलत नव्हता याचे कारण स्पष्ट होते. खाते बदलावयाचे म्हणजे पगार देणाऱ्या कंपनीपासून पाणीपट्टी घेणाऱ्या संस्थेपर्यंत प्रत्येकाला नवा क्रमांक कळवावा लागे, आणि त्यात एखादा हप्ता चुकला तर दंड ग्राहकाच्याच माथी येई. यावर उपाय म्हणून १६ सप्टेंबर २०१३ रोजी खातेबदलाची एक सामायिक सेवा सुरू झाली. नव्या बँकेला एकदा सांगितले की सात कामकाजी दिवसांत शिल्लक रक्कम, डायरेक्ट डेबिट आणि स्टँडिंग ऑर्डरी नव्या खात्यात येतात, जुने खाते बंद होते आणि जुन्या क्रमांकावर कोणी पैसे पाठविले तर ते किमान तीन वर्षे नव्या खात्याकडे वळविले जातात. या प्रक्रियेत बँकेच्या चुकीने भुर्दंड बसला तर तो भरून देण्याची हमीही आहे. सेवा चांगली आहे, हे निःशंकपणे म्हणता येईल. आजवर एक कोटीहून अधिक खाती या मार्गाने बदलली गेली आहेत.

तरीही २०१६ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने पाहणी केली तेव्हा वर्षाला जेमतेम तीन टक्के वैयक्तिक खातेदार बँक बदलतात असे दिसले. म्हणजे रस्ता गुळगुळीत झाला, पण माणसे घरातून निघेनात. रोख बक्षीस हे त्यांना घराबाहेर काढण्याचे साधन आहे. बँकेच्या दृष्टीने हा खर्च नसून भांडवल आहे. खात्यात सरासरी तीन हजार पौंड पडून राहिले आणि बाजारातील व्याजाचा दर चार टक्के धरला, तर बिनव्याजी मिळालेल्या या पैशावर बँकेला वर्षाला १२० पौंडांचा लाभ होतो. पुढे त्याच ग्राहकाला क्रेडिट कार्ड, मोटारकर्ज, गृहकर्ज विकता येते ते वेगळेच. २०२० च्या मार्चमध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपला दर ०.१ टक्क्यावर आणला, त्या वर्षात ही बक्षिसे जवळजवळ दिसेनाशी झाली आणि पुढे दर चढू लागले तशी ती पुन्हा झळकू लागली, हा योगायोग नव्हता.

पतअहवालावरील ठसा

नवे खाते उघडण्याचा अर्ज केला की बँक अर्जदाराचा पतअहवाल तपासते. ही तपासणी दोन प्रकारची असते. केवळ पात्रता पाहण्यासाठी केलेली वरवरची तपासणी इतर बँकांना दिसत नाही. परंतु प्रत्यक्ष अर्जानंतर होणारी पूर्ण तपासणी पतअहवालात नोंदविली जाते, आणि ती नोंद, अहवाल ठेवणारी संस्था कोणती यानुसार, साधारण एक ते दोन वर्षे इतर ऋणको-धनको व्यवहारांत दिसत राहते. एका नोंदीने आभाळ कोसळत नाही. पण वर्षभरात तीन-चार बँकांची बक्षिसे गोळा करणाऱ्याच्या अहवालात अशा नोंदी ओळीने लागतात, आणि हा गृहस्थ पैशाच्या शोधात दारोदार हिंडतो आहे की काय, अशी शंका कर्ज देणाऱ्याला येऊ शकते. शिवाय खाते किती जुने आहे यालाही पतमानांकनात वजन असते. दहा वर्षांचे खाते बंद करून महिन्याभरापूर्वीचे खाते दाखविणे म्हणजे स्वतःच्या इतिहासाची पाने स्वतःच फाडण्यासारखे आहे.

ज्याचा पतइतिहास भक्कम आहे त्याला हे पचते. नुकत्याच आलेल्या माणसाची स्थिती निराळी असते. पुण्यात वीस वर्षे एकही हप्ता न चुकविलेल्या गृहस्थाची लंडनमधील पत कोरी पाटी असते, कारण भारतातील पतअहवाल तेथे चालत नाही. अशा कोऱ्या पाटीवर पहिल्याच वर्षी तीन अर्ज आणि एक बंद झालेले खाते लिहिले गेले तर त्याचे प्रमाण मोठे दिसते. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक असल्याने, ब्रिटनमध्ये वैधपणे राहत असताना त्यांना तेथील मतदारयादीत नाव नोंदविता येते. पत्ता पडताळण्यासाठी पतसंस्था ही यादी वापरतात, त्यामुळे या नोंदणीचा उपयोग मतदानापलीकडेही होतो. बक्षिसाच्या मागे लागण्यापूर्वी हे काम उरकावे.

गृहकर्जाच्या बाबतीत तेथील सल्लागार एक साधा नियम सांगतात : अर्ज करण्यापूर्वीचे किमान तीन, शक्यतो सहा महिने नवे खाते, नवे कार्ड, काहीही नवे नको. हिशेब केला तर हा नियम पटतो. दोन लाख पौंडांच्या कर्जावर व्याजाचा दर पाव टक्क्याने जरी अधिक बसला, तरी पहिल्याच वर्षी जवळजवळ पाचशे पौंड अधिक जातात. खात्याच्या बक्षिसाची रक्कम त्याच्या निम्मीही नसते. एका अर्जामुळे असे होईलच असे नव्हे, पण धोका आणि लाभ यांची तुलना अशीच करावी लागते.

संयुक्त खाते असेल तर आणखी एक पदर आहे. दोघांचे संयुक्त खाते उघडले की दोघांचे पतअहवाल एकमेकांशी जोडले जातात. बक्षिसासाठी मित्रांनी किंवा एकत्र राहणाऱ्या सहकाऱ्यांनी असे खाते काढणे हा शुद्ध वेडेपणा होय. एकाने कोठे हप्ता थकविला की दुसऱ्याच्या अर्जावर त्याची छाया पडते. तसेच संयुक्त खाते या सेवेमार्फत एकट्याच्या नावावरील खात्यात बदलता येत नाही. त्यासाठी आधी जुन्या बँकेतच निस्तरावे लागते.

जे नव्या खात्यात येत नाही

खरे घोडे पेंड खाते ते येथे. बदलाची सेवा खात्याचे नळ जोडून देते, परंतु खात्याभोवती उभे राहिलेले बाकीचे संसारसाहित्य ती हलवीत नाही.

यांत पहिले म्हणजे कार्डावरून परस्पर कापले जाणारे पैसे. दूरचित्रवाणी-वाहिन्यांची वर्गणी, व्यायामशाळा, भ्रमणध्वनीची काही बिले ही डायरेक्ट डेबिटने न जाता डेबिट कार्डाच्या क्रमांकावर आधारलेली असतात. जुने खाते बंद झाले की ते कार्ड निकामी होते आणि हे व्यवहार अडतात. भारतात आईवडिलांना दरमहा पैसे पाठविण्यासाठी जी मोबाइलवरील सेवा वापरली जाते, तिच्यातही बहुधा हेच कार्ड जतन केलेले असते. पहिल्या तारखेला पैसे गेले असे समजून माणूस निर्धास्त असतो आणि दहा तारखेला नाशिकहून दूरध्वनी येतो.

दुसरे ओव्हरड्राफ्टचे. जुन्या बँकेने वर्षानुवर्षांच्या ओळखीतून हजार पौंडांपर्यंत उचल मंजूर केलेली असते, कधी त्यातील काही भाग बिनव्याजी असतो. नवी बँक तेवढीच उचल देईल असे मुळीच नाही, कदाचित देणारही नाही. ब्रिटनमध्ये २०२० च्या एप्रिलपासून ओव्हरड्राफ्टचे नियम बदलले, अनधिकृत उचलीवरील जादा आकार बंद झाले, आणि त्याबरोबर बहुतेक मोठ्या बँकांनी सरसकट दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. वर्षातून सहा महिने पाचशे पौंडांनी उणे राहणाऱ्या माणसाला या दराने सुमारे ९० पौंड मोजावे लागतात. जुन्या खात्यातील बिनव्याजी सवलत सोडून तो नव्याकडे आला असेल तर दोनशेचे बक्षीस जेमतेम दोन वर्षे पुरते.

तिसरे विम्याचे, आणि ते सर्वांत अधिक विसरले जाते. दरमहा शुल्क घेणाऱ्या काही खात्यांबरोबर कुटुंबाचा प्रवास विमा, मोबाइलचा विमा, रस्त्यात मोटार बंद पडल्यास मदत अशा सोयी येतात. खाते बंद झाले त्या दिवशी विमाही संपतो. डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन भारतात जाण्याची तिकिटे काढलेली आहेत, वडिलांना घेऊन परत यावयाचे आहे, मधुमेहाची माहिती जुन्या विमा कंपनीकडे रीतसर नोंदविलेली आहे आणि ऑक्टोबरमध्ये आपण दीडशे पौंडांसाठी खाते बदलतो! नवा विमा घेताना जुन्या आजारांची नव्याने विचारणा होते आणि हप्ता त्याप्रमाणे ठरतो. तिकीट काढल्यानंतर प्रवास रद्द करावा लागला तर मिळणारे संरक्षणही नवा विमा सुरू होईपर्यंत नसते.

चौथी गोष्ट खातेउताऱ्यांची. खाते बंद झाल्यावर संगणकावरून ते उघडून पाहण्याची सोय सहसा संपते. जुने उतारे मागता येतात, बँकेला ते ठराविक वर्षे जपून ठेवावेच लागतात, पण त्यासाठी पत्र, दूरध्वनी, प्रतीक्षा हे सारे आले. एरवी या उताऱ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मात्र पत्नी किंवा पतीसाठी ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज करताना ते प्राणाइतके महत्त्वाचे होतात. ११ एप्रिल २०२४ पासून अशा अर्जासाठी बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावे लागते (त्यापूर्वी ही मर्यादा १८,६०० पौंड होती), आणि नोकरीच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची वेतनपत्रके व तोच पगार जमा झाल्याचे दाखविणारे त्याच सहा महिन्यांचे खातेउतारे जोडावे लागतात. हा काळ दोन बँकांत विभागला गेला म्हणून अर्ज बाद होत नाही. पण मार्च ते मेचे उतारे एका बंद खात्याचे, जून ते ऑगस्टचे दुसऱ्याचे, आणि बदलाच्या आठवड्यातील पगार जुन्या क्रमांकावर पाठविलेला, वळून नव्यात आलेला, अशी स्थिती असली तर प्रत्येक सांधा समजावून सांगावा लागतो. ज्या अर्जाचे शुल्कच दीड हजार पौंडांहून अधिक आहे आणि ज्यावर संसार अडलेला आहे, त्यात शंकेला जागा ठेवून दीडशे पौंड मिळविण्यात शहाणपण नाही. बदलावयाचेच असेल तर बदलापूर्वी मागील दोन-तीन वर्षांचे उतारे उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर ठेवावेत. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि नेमके तेच राहून जाते.

अटींच्या जंगलात

बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरांत आणि अटी बारीक अक्षरांत, हे सर्व देशांतील जाहिरातींचे शास्त्र आहे. ब्रिटनमधील सर्वसाधारण अटी अशा असतात : बदल याच अधिकृत सेवेमार्फत पूर्ण झाला पाहिजे, जुने खाते बंद झाले पाहिजे, त्याबरोबर किमान दोन डायरेक्ट डेबिट आले पाहिजेत, ठरलेल्या दिवसांत हजार-दीड हजार पौंड जमा झाले पाहिजेत, कधी कार्डाने अमुक इतके व्यवहार झाले पाहिजेत. यांपैकी एक अट चुकली, एक दिवस उशीर झाला, तर बक्षीस मिळत नाही आणि जुने खाते मात्र बंद झालेले असते. ते पुन्हा उघडत नाही.

बहुतेक बँकांची आणखी एक अट असते : ज्याने पूर्वी आमच्याकडून असे बक्षीस घेतले आहे, किंवा जो अमुक तारखेला आमचा ग्राहक होता, त्याला ते मिळणार नाही. याचा अर्थ प्रत्येक बँकेकडे आपली बहुधा एकच संधी असते. आज घाईने शंभर पौंड घेणाऱ्याला त्याच बँकेने सहा महिन्यांनी दोनशे देऊ केले तर ते पाहत बसावे लागते. काही चतुर मंडळी यावर तोड म्हणून केवळ बदलण्यासाठी एक दुय्यम खाते उघडतात, त्यावर एकेक पौंडाचे दोन डायरेक्ट डेबिट लावतात आणि तेच खाते या बँकेतून त्या बँकेत फिरवीत राहतात. मुख्य खाते शाबूत राहते, ही यातील खरी हुशारी. पण प्रत्येक फेरीला नवा अर्ज, म्हणजे नवी नोंद आलीच, आणि आता बँकांनीही हा खेळ ओळखून अटी कडक करण्यास आरंभ केला आहे.

बक्षिसाबरोबर कधी आकर्षक व्याजाची मासिक बचत योजनाही जोडलेली असते. तिच्या आकड्याने दिपून जाऊ नये. दरमहा ३०० पौंड, व्याज सात टक्के असे वाचले की मन ३,६०० पौंडांवर सात टक्के म्हणजे २५२ पौंड असा हिशेब करते. प्रत्यक्षात पहिला हप्ता बारा महिने राहतो, शेवटचा एकच महिना. त्यामुळे व्याज १३६ पौंडांच्या आसपास भरते. वाईट नाही, परंतु २५२ही नाही. शिवाय वर्ष संपण्यापूर्वी पुढच्या बक्षिसासाठी चालू खाते हलविले तर ही योजनाही सामान्यतः हातची जाते.

आणि जी गोष्ट पाहून आपण गेलो ती टिकेलच याची हमी कोणी देत नाही. सँटँडर बँकेचे २०१२ साली आलेले १-२-३ नावाचे खाते हे याचे ठळक उदाहरण आहे. तीन हजार ते वीस हजार पौंडांच्या शिलकीवर तीन टक्के व्याज आणि घरगुती बिलांवर काही परतावा, महिन्याचे शुल्क अवघे दोन पौंड. लोकांनी त्याकडे अक्षरशः धाव घेतली. २०१६ च्या जानेवारीत शुल्क पाच पौंड झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्याज अर्ध्यावर, म्हणजे दीड टक्क्यावर आले. पुढील काळात ते आणखी खाली गेले. बँकेने नियमबाह्य काही केले नाही, सूचनाही रीतसर दिली. बाजारातील दर उतरले होते, एवढेच.

सेवेचा दर्जा हा तर जाहिरातीत कधीच नसतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये टीएसबी बँकेने आपली संगणक यंत्रणा बदलली तेव्हा लाखो ग्राहकांना कित्येक दिवस स्वतःचेच खाते उघडता येईना. काहींना तर दुसऱ्याची खाती दिसली. नियामकांनी त्याबद्दल २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्या बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. शाखा जवळ आहे का, हा प्रश्न तरुणांना जुनाट वाटेल. परंतु ब्रिटनमध्ये बँकांच्या शाखा भराभर बंद होत आहेत आणि वयस्कर आईवडील सोबत राहत असतील तर कोपऱ्यावरील शाखा दोनशे पौंडांपेक्षा मोलाची ठरते.

ठेवींच्या सुरक्षिततेचाही विचार हवा. १ डिसेंबर २०२५ पासून ब्रिटनमध्ये एका व्यक्तीच्या एका बँकेतील १,२०,००० पौंडांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण आहे (पूर्वी ८५,०००). पण ही मर्यादा नावाला नसून परवान्याला आहे. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एकाच परवान्याखाली येतात, तसेच फर्स्ट डायरेक्ट आणि एचएसबीसी. घर विकून आलेली मोठी रक्कम विभागून ठेवल्याच्या समाधानात असलेला माणूस बक्षिसासाठी खाते हलविताना नकळत सर्व अंडी एकाच टोपलीत आणू शकतो. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये निर्बंध आले तेव्हा प्रथम अवघे एक हजार रुपये काढता येत होते. थोड्या अधिक व्याजासाठी जन्माची पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेल्यांचे जे हाल मुंबईने पाहिले, ते आठवले म्हणजे ही बाब किरकोळ वाटणार नाही.

अमेरिकेत आणि आपल्याकडे

अमेरिकेत बक्षिसांचे आकडे अधिक मोठे असतात आणि अडचणीही. तेथे खाते बदलून देणारी देशव्यापी सेवा नाही. पगार, बिले सर्व स्वतःच हलवावे लागते. कित्येक बँका खाते तीन ते सहा महिन्यांच्या आत बंद केल्यास बक्षीस परत घेतात. वारंवार खाती उघडणाऱ्यांची आणि खाते उणे ठेवून गेलेल्यांची माहिती बँका चेक्ससिस्टिम्स या संस्थेकडून घेतात आणि तेवढ्यावरून नवा अर्ज नाकारू शकतात. महत्त्वाचे म्हणजे ब्रिटनमध्ये सामान्य वैयक्तिक ग्राहकाला एकदाच मिळणारी अशी रक्कम सहसा व्याज धरली जात नाही, तर अमेरिकेत ती व्याजाच्या उत्पन्नात मोडते आणि बँक तसे कर खात्याला कळविते.

एक हिशेब मांडून पाहू. न्यू जर्सीतील एखाद्या गृहस्थाला तीनशे डॉलरच्या बक्षिसासाठी १५,००० डॉलर नव्वद दिवस बिनव्याजी खात्यात ठेवावयाचे आहेत. तो २४ टक्क्यांच्या केंद्रीय करगटात असेल तर ७२ डॉलर करात गेले, उरले २२८. हेच पैसे अन्यत्र चार टक्क्यांनी राहिले असते तर नव्वद दिवसांत सुमारे १४८ डॉलर मिळाले असते, कर वजा जाता ११२. म्हणजे तीनशेच्या जाहिरातीतून प्रत्यक्ष लाभ ११६ डॉलरचा, आणि त्यातूनही राज्याचा कर वजा व्हावयाचा आहे.

आपल्याकडे अशा जाहिराती का दिसत नाहीत, असे पुण्या-मुंबईतील वाचक विचारतील. रिझर्व्ह बँकेने ठेवींवरील व्याजासंबंधी २०१६ मध्ये जे निर्देश दिले, त्यांत ठेवी मिळविण्यासाठी बक्षिसे, सोडती, सहली यांना मनाई आहे. ठेव स्वीकारताना जास्तीत जास्त २५० रुपये किमतीची किरकोळ भेट देण्यास तेवढी मुभा आहे. भिंतीवरील घड्याळ आणि दिनदर्शिका यांपलीकडे आपली मजल गेली नाही ती यामुळे! २५ ऑक्टोबर २०११ रोजी बचत खात्यांवरील व्याजदर मुक्त झाल्यानंतर काही नव्या बँकांनी अधिक व्याजाचे आमिष दाखविले, परंतु ब्रिटनसारखी खातेबदलाची सेवा नसल्याने कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक यांचे आदेश ग्राहकाला एकेक करून नव्याने द्यावे लागतात.

त्यामुळे आपल्याकडील दुखणे उलट्या जातीचे आहे. येथे खाती बदलली जात नाहीत, ती साठत जातात. हिंजवडीत दहा वर्षांत चार नोकऱ्या केलेल्या अभियंत्याकडे पगाराची चार खाती असतात. पगार येणे थांबल्यावर त्यांतील शून्य शिलकीची सवलत काही महिन्यांत संपते आणि किमान शिल्लक नसल्याचे आकार सुरू होऊ शकतात. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते, जरी तिच्यावरील खातेदाराचा हक्क तेव्हाही संपत नाही. अशी विसरलेली खाती शोधण्यासाठी २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले असून तेथे आपले नाव आणि पॅन घालून शोध घेता येतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावानेही तो घेऊन पाहावा.